एनडीए नाही मिळाले तर कोणते कॉलेज?

आमच्या शाळेत 'कॉलेज' हा शब्द फारसा कोणी उच्चारत नाही. सहावीत आल्या दिवशीच आपण मुख्य इमारतीतल्या लाकडी फलकावर एनडीएत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे वाचतो आणि तेव्हापासून सगळ्यांचे ठरलेले असते: बारावी, परीक्षा, खडकवासला. पीटीच्या रांगेत विचारा, मेसमध्ये विचारा, उत्तर एकच. माझेही तेच आहे आणि पुढेही तेच राहील. पण यंदा मी दहावीत आहे आणि घरून प्रत्येक फोनवर एक जोडप्रश्न येतो, "आणि नाही झालं तर?" हा प्रश्न अपशकुनी नाही. उलट, तो विचारायची खरी वेळ दहावीच आहे, असे आता माझे मत झाले आहे. का, ते सांगतो.

आधी आकडे पाहू. एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, सामान्य क्षमतेचा ६०० गुणांचा, प्रत्येकी अडीच तास. त्यानंतर एसएसबीची मुलाखत ९०० गुणांची. म्हणजे एकूण गुणांतले निम्मे त्या पाच दिवसांत ठरतात. एका परीक्षेतून भरायच्या जागा साधारण चारशेच्या आसपास, आणि अर्ज करणारे लाखांच्या घरात. त्यात एसएसबीनंतर वैद्यकीय तपासणी असते. आमच्या हाऊसचे एक सीनियर लेखी पास झाले, एसएसबीत शिफारस मिळाली आणि रंग ओळखण्याच्या चाचणीत अडकले. ठिपक्यांच्या वर्तुळातला आकडा त्यांना दिसला नाही. क्रॉस कंट्रीत ते शाळेत पहिले यायचे. अभ्यास, घाम, शिस्त, यांतल्या कशाचाही त्या ठिपक्यांशी संबंध नसतो. म्हणून पालकांना पहिली विनंती अशी की मुलाचे डोळे दहावीतच नीट तपासून घ्या, रंगदृष्टीसकट. त्याला जेमतेम अर्धा तास लागतो, पण त्यावर पुढच्या सात-आठ वर्षांचे नियोजन अवलंबून असू शकते.

आता दहावीनंतर काय. माझ्या वर्गातल्या महाराष्ट्रातल्या मुलांपैकी दोघांच्या घरी 'शाळा सोडून लातूरला ये' असे चालले आहे. एकाच्या घरी कोटा. आमचे घर लातूर जिल्ह्यातच असल्यामुळे मला हे जरा जास्तच ऐकावे लागते. लातूरचा क्लास, लातूरचा निकाल, शेजारच्या काकांचा मुलगा. अकरावी-बारावी कुठून करायची, हा प्रश्न वरवर क्लासचा वाटतो. पण त्यात एक कागदी गोष्ट दडलेली आहे आणि ती बऱ्याच घरी बारावीच्या निकालानंतर कळते.

एनआयटी, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये, निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. त्या राज्यातले कोण, हे आडनावावरून, आधार कार्डावरून किंवा गावातल्या सातबाऱ्यावरून ठरत नाही. तुम्ही बारावी ज्या राज्यातून उत्तीर्ण झालात, ते तुमचे राज्य. आमची शाळा राजस्थानात. म्हणजे मी इथूनच बारावी झालो, तर माझे 'गृहराज्य' राजस्थान. जयपूरच्या मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत मी घरचा आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत बाहेरचा! घरी मराठी, शाळेत हिंदी, पुरणपोळीसाठी जीव टाकणारा, तरी नागपूरला परराज्याच्या रांगेत. कर्नाटकातल्या लष्करी शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलाला याच नियमाने सुरतकलची एनआयटी घरची होते, हिमाचलात शिकणाऱ्याला हमीरपूरची. आयआयटींना हा नियम लागू नाही, तिथे गृहराज्याचा वाटा नसतो.

यात नुकसानच आहे असे नाही. कोणाला जयपूर आवडेल, कोणाला नागपूरच हवे असेल. पण हा निर्णय दहावीच्या सुट्टीत नकळत होऊन जातो, एवढे लक्षात ठेवायला हवे.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या प्रवेशप्रक्रियेचे नियम वेगळे आहेत. पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय अशा ठिकाणी राज्याच्या सीईटीतून जायचे असेल, तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली मुले एका प्रकारात येतात. ज्यांचे शिक्षण बाहेर झाले, पण जे स्वतः किंवा ज्यांचे आई-वडील महाराष्ट्राचे अधिवासी आहेत, त्यांच्यासाठी दुसरा प्रकार आहे. म्हणजे आपल्यासारख्यांना दार बंद नाही, फक्त कागद हवा. मुलगा सहावीपासून बाहेर राहिलेला असला की त्याच्या स्वतःच्या नावाचे डोमिसाईल काढताना प्रश्न येतात, अशा वेळी आईचे किंवा वडिलांचे प्रमाणपत्र कामाला येते. तहसीलच्या कामाला किती फेऱ्या लागतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते निकालाच्या आठवड्यात काढायला जाऊ नये. फौजेत असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या पालकांच्या मुलांसाठी राज्याच्या प्रक्रियेत काही जागा वेगळ्या असतात, त्यांचेही प्रमाणपत्र वेळेवर मागून ठेवावे. ज्यांना डॉक्टर व्हायचे आहे त्यांनी मात्र जास्त सावध राहावे. महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएससाठी काही अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच लागतात. पुण्याच्या एएफएमसीचा प्रवेश नीटमधून देशभरातल्या सगळ्यांसाठी असतो, तिथे ही अडचण येत नाही.

मग शाळा सोडावी का? माझे मत, नाही. फक्त क्लाससाठी तर मुळीच नाही. ज्याला एनडीएत जायचे आहे त्याला पहाटेची पीटी, वक्तृत्वाचा फळा, हाऊस कॅप्टनच्या शिव्या आणि बारा जणांना एका कामाला लावायची सवय बाहेर कुठल्या क्लासमध्ये मिळणार? कोट्याकडे काही ठिकाणी मुलाचे नाव एका शाळेत असते आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते, हे अशा वेळी सगळे सोयीने विसरतात. महाराष्ट्रात परतायचेच असेल, तर छत्रपती संभाजीनगरची एसपीआय आहे. राज्य सरकारची ही संस्था १९७७ पासून दहावीनंतरच्या दोन वर्षांत मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेते. तिथे जायला परतणे मला पटते. शेजारच्या काकांच्या मुलासाठी परतणे पटत नाही. (बाबा हे वाचतील, म्हणून मुद्दाम लिहिले.)

अकरावीला विषय कोणते घ्यावेत यावर फार लिहीत नाही. एनडीएच्या लष्करी शाखेला कोणत्याही शाखेचा बारावी पास चालतो, पण वायुदल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित लागते. हे तीन विषय ठेवले की एक मोठा फायदा होतो, आणि तो आमच्यातल्या अनेकांना माहीत नसतो. जेईई मेन ही एकच परीक्षा दिली की ती तीन ठिकाणी उपयोगी पडते. एक म्हणजे एनआयटी वगैरे. दुसरे, लष्कराची टेक्निकल एंट्री: बारावीला या तीन विषयांत ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली असेल, तर यूपीएससीची लेखी न देता थेट एसएसबीला बोलावणे येऊ शकते. तिसरे, नौदलाची बी. टेक. एंट्री, तिथे ७० टक्के लागतात आणि एसएसबीसाठी निवड जेईईच्या क्रमांकावरून होते. ही मुले केरळात एळिमला येथे नौदल अकादमीत शिकतात. आमच्याकडे जेईईचा अभ्यास करणाऱ्याला 'हा सिव्हिलियन होणार' असे चिडवतात. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा लेख लिहायला घेतला, ती तारखांची गंमत. बारावीच्या वर्षात सप्टेंबरच्या सुमारास होणारी एनडीए परीक्षा दिली, तर निवड झालेला मुलगा पुढच्या जुलैत, म्हणजे बारावी संपल्याबरोबर, अकादमीत दाखल होतो. एप्रिलच्या सुमारास होणारी दिली, तर दाखल व्हायचे ते पुढच्या जानेवारीत. मधले सहा-सात महिने तो काय करणार? कॉलेजात प्रवेश घेणार. आणि घ्यायलाच हवा, कारण डिसेंबरपर्यंत नक्की काहीच माहीत नसते. ऑगस्टमध्ये जागा घ्यायची आणि जानेवारीत सोडायची वेळ येऊ शकते, हे धरूनच ते कॉलेज निवडावे लागते.

आमच्या शाळेतल्या एका सीनियरने असाच एका खाजगी कॉलेजात प्रवेश घेतला. प्रवेशाच्या वेळी कॉलेजने दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका 'पडताळणीसाठी' ठेवून घेतल्या. डिसेंबरमध्ये त्याचे एनडीएचे बोलावणे आले आणि अकादमीत मूळ कागद हजर करायचे होते. कॉलेजच्या कार्यालयाने सांगितले, उरलेल्या वर्षांची फी भरा, मग नेा कागद. त्याचे वडील आठवडाभर त्या काउंटरसमोर उभे होते. शेवटी कोणीतरी नियमाची छापील प्रत पुढे ठेवली तेव्हा कागद मिळाले. तो नियम सगळ्यांनी माहीत करून घ्यावा: विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे की संस्थेने मूळ कागदपत्रे पाहून लगेच परत द्यायची, स्वतःकडे ठेवायची नाहीत. प्रवेश रद्द केल्यावर फी किती परत मिळते याचेही टप्पे ठरलेले आहेत. मात्र प्रवेशाची शेवटची तारीख उलटून बरेच दिवस गेले की काही परत मिळत नाही. म्हणजे जानेवारीत निघणाऱ्याने पहिल्या वर्षाची फी गेली असेच समजावे. म्हणूनच ज्याचे एनडीएचे अजून टांगलेले आहे त्याने पहिल्याच वर्षी लाखो रुपये भरायच्या कॉलेजात जाऊ नये. कमी फीचे, घराजवळचे किंवा सरकारी कॉलेज त्याला जास्त सोयीचे.

पण एनडीएचे दार खरोखरच बंद झाले तर? वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस, त्यामुळे कधीतरी ते बंद होते. मग पुढचे कॉलेज हे तात्पुरते राहत नाही. फौजेत अधिकारी म्हणून जायचे रस्ते पदवीनंतर पुन्हा उघडतात: सीडीएस, वायुदलासाठी एएफकॅट, एनसीसीची विशेष एंट्री, इंजिनिअरांसाठी वेगळ्या एंट्री. यात एक हिशेब आहे. बी. ए. किंवा बी. एस्सी.ची तीन वर्षांची पदवी साधारण एकविसाव्या वर्षी हातात येते, इंजिनिअरिंगची बाविसाव्या. डेहराडूनच्या आयएमएसाठी सीडीएस देता येते ती चोविसाच्या आसपासपर्यंत. ज्याला फक्त वर्दी हवी आहे आणि यंत्रांची आवड नाही, त्याने चार वर्षे नुसते 'काहीतरी म्हणून' इंजिनिअरिंग करण्यापेक्षा इतिहास, राज्यशास्त्र किंवा भूगोल घेऊन चांगल्या कॉलेजात जावे. आयएमएला कोणतीही पदवी चालते. नौदलाला मात्र सीडीएसमधून इंजिनिअरच लागतो, आणि वैमानिक व्हायचे असेल तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे लागते.

मी एनसीसीला इथे एवढे महत्त्व का देतो? 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीने मिळाले आणि पदवीला ५० टक्के असले, की लष्कराच्या विशेष एंट्रीत लेखी परीक्षा नसते. थेट एसएसबी. म्हणून कॉलेज बघताना आम्हा मुलांनी आधी विचारावे: तुमच्याकडे एनसीसीचे युनिट आहे का, पहिल्या वर्षालाच नाव घेता का, गेल्या वर्षी 'सी'ला किती जण बसले? 'आहे की' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. परेड कोणत्या वारी होते ते विचारा. ज्याला वार सांगता येत नाही त्याच्याकडे परेड होत नसते.

ताईच्या प्रवेशाच्या वेळी मी सुट्टीत घरी होतो, तेव्हा घरात माहितीपत्रकांचा ढीग पडला होता. प्रत्येकावर 'सर्वोच्च पॅकेज' मोठ्या अक्षरांत. दहावीच्या सांख्यिकीच्या धड्यात आपण सरासरी आणि मध्यक शिकतो, तो धडा इथे अगदी कामाला येतो. समजा दहा मुले नोकरीला लागली, नऊ जणांना वर्षाला ४ लाख आणि एकाला ४४ लाख. बेरीज ८० लाख, सरासरी ८ लाख. कॉलेज छापणार: सर्वोच्च ४४, सरासरी ८. पण रांगेच्या मध्यावर उभ्या असलेल्या मुलाला किती? ४ लाख. तो मध्यक. हा आकडा कुठे मिळतो, तेही ताईने शोधून काढले. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून दर वर्षी निघते. तिच्यात भाग घेणारी संस्था जी माहिती भरते, ती तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवलेली असते. त्यात किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे शिकायला गेले आणि पगाराचा मध्यक किती, हे सगळे कोष्टकात असते. ताई वहीत फक्त दोन आकडे लिहायची: किती आत आले आणि किती वेळेत बाहेर पडले. एका चकचकीत कॉलेजच्या बाबतीत हे दोन आकडे पाहून बाबांनी माहितीपत्रक रद्दीत टाकले.

नॅक आणि एनबीए यांतला फरकही लोक विसरतात. नॅकची श्रेणी पूर्ण संस्थेला असते. एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला. कॉलेजला 'ए' श्रेणी असली तरी ज्या शाखेत तुम्ही जाणार तिला एनबीए आहे की नाही हे वेगळे पाहावे लागते.

आणि एकदा तरी कॉलेज डोळ्यांनी बघावे, तेही ओपन डेला नाही. त्या दिवशी आपल्या शाळेतही इन्स्पेक्शनला असते तसे सगळे चकाचक असते. साध्या मंगळवारी जावे. प्रवेशाच्या काउंटरवरच्या माणसाऐवजी कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांजवळ बसावे. प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर धूळ आहे का, वाचनालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, सूचनाफलकावरचा शेवटचा कागद कोणत्या महिन्याचा आहे, हे पाहावे. आम्ही वसतिगृहात वाढलेली मुले एका बाबतीत घरच्या मुलांपेक्षा तज्ज्ञ आहोत. मेसचे ताट आणि न्हाणीघर बघून सांगू शकतो की तिथे व्यवस्था कोण पाहतो की कोणीच पाहत नाही. पालकांनी मुलाला सोबत न्यावे आणि हे त्याच्यावर सोपवावे. ताईच्या वेळी मी हेच काम केले. एका वसतिगृहाला पंख्याखाली वाळत घातलेले ओले टॉवेल पाहून नापास केले, कारण खिडक्या उघडतच नव्हत्या.

पालकांना आणखी एक सांगायचे आहे, जरा धीर करून. एसएसबीतून परत आलेल्या मुलाला फोनवर पहिला प्रश्न 'काय झालं?' असा विचारू नका. तो सांगेल. पाच दिवसांच्या शेवटी कॉन्फरन्स होते, नावे पुकारली जातात, बाकीचे बॅग उचलून स्टेशनवर येतात. आमच्या सीनियर्सपैकी बरेच जण तीन-तीन वेळा असे आले आहेत. त्यांतले एक चौथ्या वेळी निवडले गेले, एक आता दिल्लीत बी. ए. करतात आणि एनसीसीत आहेत. दोघांनीही मला एकच सांगितले: कॉलेजचा फॉर्म एसएसबीच्या निकालाची वाट न पाहता भरला, म्हणून एसएसबीला जाताना पोटात गोळा कमी होता.

मी बारावी इथूनच करणार, हे घरी कळवले आहे. गृहराज्य राजस्थान होणार, हेही. बाबांनी पुढच्या सुट्टीत तहसीलमधून स्वतःचे अधिवास प्रमाणपत्र काढायचे कबूल केले आहे. युनिटचे प्रमाणपत्र ते क्लार्ककडे मागणार आहेत. डोळ्यांची तपासणी मी शाळेच्या एमआय रूममध्ये करून घेतली, ठिपक्यांतले आकडे सगळे दिसले. दहावीच्या मूळ गुणपत्रिकेची जागा आईच्या लोखंडी कपाटात ठरली आहे, आणि तिने सांगितले आहे की कोणीही मागितली तरी झेरॉक्सच द्यायची.